डावीकडं जरा खाली हाय

गयानं माझ्यासंगं शेवटचं काम केलं ते पडेगावात, सलीमभाईच्या पांढऱ्या गाडीला स्पॉयलर लावायचं. डावं टोक माझ्या हातात, उजवं तिच्या. गोंद लावून झाला, डिक्कीच्या वरच्या कडेला फळी टेकवली, कागदी टेपा मारल्या. मग गया पदराला हात पुसत रस्त्यापलीकडं गेली, लाईटच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली,

"अवो, डावीकडं जरा खाली हाय."

गया म्हणजे माझी बायको. ती आता नाही. दिवाळी अंकवाल्या मंडळींनी सांगितलं, काका, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. लिहितो. पण मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला आखून लिहिता येत नाही. आणि डोक्यात सारखं ते एकच वाक्य हाय. तिचं खरं होतं का माझं, ते शेवटी सांगतो. आधी धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही की एवढ्याशा गोष्टीवरून आम्ही भांडलो कशाला.

स्पॉयलर म्हणजे गाडीच्या मागं, डिक्कीवर नाहीतर टपाच्या कडेला असते ती आडवी फळी. प्लास्टिकची असते, फायबरची असते. कुणी तिला पंख म्हणतं. गया शेपूट म्हणायची. शर्यतीच्या गाडीला तिचा खरा उपयोग. वेगात वारा गाडीला वर उचलायला बघतो, ही फळी तिला खाली दाबून धरते. आपल्या शहरात तेवढा वेग कुणाला भेटतो? एक स्पीडब्रेकर संपला की दुसरा, मधी खड्डा. म्हणजे आपल्याकडं ते पोळ्याच्या बैलाच्या शिंगांना रंग दिल्यासारखं. बैल रंगानं जास्त नांगरत नाही, पण मालक गावातून छाती काढून फिरतो. त्यात वाईट काय? मी आयुष्यभर लोकांच्या छात्या फुगवल्या आणि त्यावर पोट भरलं.

एक तरणा गिऱ्हाईक मला म्हणाला, "काका, याच्यानं स्पीड किती वाढंल?"

मी म्हणालो, "तुझा वाढंल. गाडीचा हाय तेवढाच राहील."

त्याला ते लई आवडलं. चार दोस्त पाठवले त्यानं.

माझं दुकान नव्हतं. मी घरी जाऊन काम करायचो. स्कूटरच्या पुढं पिशवी, पिशवीत ड्रिल, कानस, स्पिरिटची बाटली, कागदी टेप, गंज धरू नये म्हणून लावायचा रंग. मागं गया, आणि गयाच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती चार फुटी फळी आडवी. दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. छावणीतून जाताना रिक्षावाले वरडायचे, "ओ मावशी, इमान उतरवा खाली!" गया म्हणायची, "तू आधी रिक्षा बाजूला घे, मग उतरवते."

ती या धंद्यात कशी आली ते सांगतो. स्पॉयलर लावणं हे एका माणसाचं काम नाही. दोन टोकं असतात आणि दोन्ही एका वेळी धरावी लागतात. आधी मी गाडीच्या मालकालाच धरायला लावायचो. मालक एका हातानं फळी धरायचा आणि दुसऱ्या हातानं फोन. गारखेड्यात एकाला त्याच्या मेव्हणीचा फोन आला आणि त्यानं दोन्ही हातांनी फोन धरला. फळी खाली, कोपरा फुटला. मी घरी येऊन शिव्या देत बसलो, तर गया चुलीपासून म्हणाली, "मी येते धरायला."

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

"मेंढीचे पाय धरलेत कातरताना. ही काय लाथ मारती का?"

गया पाचोडकडची, मेंढपाळाच्या घरातली. तसे आम्ही दोघंही त्याच जातीचे, पण माझा बाप शहरात हमालीला आला आणि आमची मेंढरं सुटली. तिचं लहानपण कळपामागं गेलेलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मिस्त्री, बाईला कशाला आणलं?" ते तिनं ऐकलं. फळी हातात घेतली आणि काम संपेस्तोवर खाली ठेवली नाही. जाताना त्या माणसाला म्हणाली, "दादा, आता पाणी तरी देता का, का तेबी मिस्त्रीलाच?"

काम कसं करतात ते थोडक्यात. डिक्की धुवायची, कोरडी करायची, स्पिरिटनं पुसायची. मेणाचा एक थर जरी राहिला तरी गोंद धरत नाही. डिक्कीचा मधला बिंदू काढायचा, तिथं कागदी टेप चिकटवून पेन्सिलची खूण करायची. मग फळी नुसती ठेवून बघायची. एकदा, दोनदा, दहादा. भोकं पाडायची असतील तर आधी बारीक, मग मोठं. ड्रिलच्या सुईला टेप गुंडाळायची, म्हणजे तेवढ्यापुढं ती आत जात नाही. नाहीतर पत्रा ओलांडून आतली लाईटची वायर तुटते आणि शेपूट चांगलं दिसतं, पण ब्रेकचा दिवा गेलेला असतो. भोकाच्या कडा कानशीनं घासायच्या, उघड्या पत्र्याला रंग लावायचा, रबरी वायसर टाकायचा, आणि दोन्ही बाजूचे नट थोडे थोडे करून आवळायचे. एकच बाजू जोरात आवळली की पत्रा खड्ड्यागत आत जातो. बिगर भोकाचं काम असलं तर गोंद. गोंद लावला की कागदी टेपांनी फळी बांधून ठेवायची, रात्रभर वाळू द्यायचं, सकाळी टेपा काढायच्या. संध्याकाळी फळी बोटानं सरकते. रात्रीतून गोंद असा दगड होतो की मग बारीक तारेनं कापूनच काढावी लागते. आणि सकाळी टेपा वेळेवर काढाव्या लागतात, उन्हात राहिल्या की त्यांचा चिकट डाग रंगात बसतो.

आता धागा. गयाच्या आईनं चातीवर काढलेला काळा लोकरीचा धागा होता, पीळ घातलेला. मागच्या दिव्याच्या कोपऱ्यापासून फळीच्या टोकापर्यंत तो टेकवायचा, चिमटीत तेवढीच लांबी धरायची आणि दुसऱ्या बाजूला जुळते का बघायची. मोजायचा टेप पत्र्याचा असतो, रंगाला चरा पाडतो. लोकर काही करत नाही. पहिल्यांदा मी हसलो होतो, म्हणालो, "अगं, लोकर ताणती."

"ताणायचीच नाय. टेकवायची."

धाग्यानं झालं की ती रस्ता ओलांडून लांब जायची आणि नुसती बघायची. मी म्हणायचो, जवळून बघ की. ती म्हणायची, कळपात उभं राहून कळप दिसत नसतो. मला ते हळूहळू पटलं. धागा गाडीला गाडीशीच मोजतो. गया तिला सगळ्या रस्त्याशी मोजायची, घर, भिंत, तारा, सगळ्याशी. तिकडून "हां, जमलं" आलं की मी समजायचो काम झालं. ते आल्याबिगर कागदी टेपा काढायच्या नाहीत, हा आमचा कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. दौलताबादचा एक सीताफळवाला होता. जुनी लांब डिक्कीची गाडी. म्हणाला, मोठ्यातला मोठा स्पॉयलर लावा, मजबूत पाहिजे. मी म्हणालो, शौक दिसतोय. भोकं पाडून चार नटांवर बसवला. पंधरवड्यानं फोन, मिस्त्री, तुमचा माल उखडला. गेलो तर डिक्कीचा पत्रा फाटून वर आलेला आणि फळीला सुतळीचे तुकडे लोंबत होते. गड्यानं तिला सीताफळाच्या पाट्या बांधल्या होत्या, दोन्ही बाजूंना दोन दोन.

"अरे, हे काय कॅरिअर हाय का?"

"मग कशाला असतंय? रिकामी दांडी कोण लावील?"

गया हसून हसून खाली बसली. म्हणाली, "त्याचंच बरोबर हाय. शेपटाला काहीतरी काम पाहिजे." पत्रा ठोकून दिला. त्यानं आम्हाला पाटीभर सीताफळं दिली, तीही दबलेलीच.

दुसरा एक सिडकोतला. त्यानं कुठून तरी फायबरची जाडजूड फळी आणली, उचलायलाच दोघं लागावी अशी. डिक्की वर धरून ठेवायला दोन बाजूंना गॅसच्या नळ्या असतात, त्या डिक्कीच्या वजनाएवढ्याच ताकदीच्या. वर हा धोंडा बसवला की त्या दमतात. मी सांगितलं, नळ्या बदला. तो म्हणाला, तुम्ही फक्त लावा. लावली. त्यानं डिक्की उघडली, वाकून आत बघायला लागला, आणि डिक्की सावकाश, अगदी सावकाश खाली आली आणि त्याच्या पाठीवर बसली. आतून आवाज आला, "मिस्त्री." मी उचलली. गयानं विचारलं, "साहेब, नळ्या कवा आणू?"

असे दिवस चांगले गेले. आमची एकच पोरगी, मंदा, ती सुरतेला दिली. ती फोनवर म्हणायची, आई, आता बास की, वय झालं. गया म्हणायची, मी काय करते गं, नुसती धरून उभी राहते.

मग तिच्या डोळ्यांना मोतीबिंदू आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करू म्हणून राहिलं. तरी रस्त्यापलीकडं जाऊन बघायची ती बघायचीच. कधी एक डोळा झाकून. मी चिडवायचो. ती म्हणायची, नेम धरताना माणूस एकच डोळा उघडा ठेवतो.

आता सलीमभाईचं. पडेगावात त्याचं कोंबडीचं दुकान, आम्ही मिटमिट्याला, म्हणजे शेजारचाच गडी. जुनी पांढरी गाडी घेतलेली. घराच्या बाजूला बोळ होता, त्यात गाडी नाक आत घालून उभी, मागचं अंग रस्त्याकडं. डावी बाजू भिंतीला लागून, आणि तिथंच मागच्या चाकाला लागून कोंबड्यांच्या रिकाम्या जाळ्या रचलेल्या.

"चाचा, मेरे साले की गाडी कू है. मेरे कू बी होना."

आतून त्याच्या बायकोचा, भाभीचा आवाज आला. "घर का पंखा बंद पड्या, और इनकू गाडी कू पंख होना!"

"तू चाय बना ना."

"बनाती. पन पंखा बी बनाओ."

भोकं नको, गोंदानंच लावा, असं त्याचं म्हणणं. दुपारी सुरू केलं, उन्हं उतरायला लागली तेव्हा टेपा मारून झाल्या. चहा झाला. भाभी आणि गया यांच्या काही गुजगोष्टी झाल्या, दोघी हसत होत्या, विषय आम्ही दोघं नवरेच असणार. मग गया रस्ता ओलांडून गेली आणि म्हणाली ते तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं.

मी धागा घेतला. उजवीकडं टेकवला, डावीकडं टेकवला. सारखा. परत केला. सारखाच.

"बरोबर हाय," मी ओरडलो.

"नाय. डावीकडं खाली हाय. अजून गोंद ओला हाय तवर हलवा."

"धागा बघ की येऊन."

"धाग्याला काय दिसतंय?"

सलीमभाई मधी पडला. "चाची, अच्छा दिखता. रैने दो." पण ती काही "जमलं" म्हणाली नाही. मीही फळी हलवली नाही. हलवायची कशी? धागा सारखा आणि मी तिच्या सांगण्यावरून वाकडी करू? म्हणालो, सकाळी टेपा काढायला येऊ तेव्हा उजेडात बघू. ती म्हणाली, सकाळी बघून काय करणार, तेव्हा दगड झालेला असंल. स्कूटरवर घरापर्यंत तेच. मागून माझ्या कानात, "डावीकडं खाली हाय, सांगून ठेवते."

घरी आल्यावर मी हातपाय धुवून बाजेवर बसलो. ती परातीत पीठ घेऊन भाकरीला बसली. परत तेच काढलं. मी म्हणालो, "गये, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. तुला आता वाकडंच दिसणार."

ती थोडा वेळ पीठ मळत राहिली. मग हात थांबले. म्हणाली, "जरा पडते," आणि तिथंच परातीशेजारी आडवी झाली. मी म्हणालो, काय होतंय? दारात जाऊन हाका मारल्या. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरनं बघितलं आणि मान हलवली. हृदय बंद पडलं होतं. हाताला पीठ तसंच होतं.

एवढंच. यात सांगण्यासारखं जास्त काही नाही. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं, कुणाला त्रास नाही. असंल.

तिला घरी आणलं. मंदाला फोन केला, ती सुरतेहून निघाली, दुपारपर्यंत येणार होती. तोवर गयाला ठेवायचं ठरलं. पाचोडहून तिचा भाऊ आला, म्हादू. बायका बसल्या होत्या. मला कुणी चहा दिला, मी प्यालो नाही. मला रडूही येत नव्हतं. मी सारखा त्या फळीचाच विचार करत होतो. तिला खरंच वाकडं दिसत होतं का? आणि तिला वाकडं दिसत नसंल, तर मी तिला जाता जाता काय बोललो?

उजाडलं तसा मी उठलो. धागा खिशात घातला, स्कूटर बाहेर काढली.

म्हादू धावत आला. "दाजी, डोकं फिरलं काय? बहीण घरात हाय आन् तुमी निघाले कुठं?"

"टेपा काढायच्या राह्यल्यात."

"कसल्या टेपा?"

"तिचंच काम हाय. ऊन चढायच्या आत आलोच."

त्यानं स्कूटरचं हँडल धरलं. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सोडलं.

पडेगावात पोचलो. सुतक होतं म्हणून मी सलीमभाईच्या दाराशी गेलो नाही, बोळाच्या तोंडालाच स्कूटर लावली. आणि गाडीकडं बघितलं तर डावीकडं खाली होतं. थोडंथिडकं नाही, पोरालाही दिसावं एवढं. मी जागीच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मनात म्हणालो, गये, तुझं खरं. आता तार आणतो, फळी कापतो, परत लावतो.

तरी हाताची सवय. धागा काढला. टेकवला, ताणला नाही. उजवीकडं. डावीकडं.

सारखा.

मला काही समजंना. फळी गाडीवर सरळ, आणि डोळ्याला डावीकडं खाली. तेवढ्यात सलीमभाई बाहेर आला.

"चाचा! इत्ती सुबा? मैं अब्बीच जाळ्या दुकान पे छोड के आया."

जाळ्या नव्हत्या. पहिल्यांदाच मला डावं मागचं चाक दिसलं. टायर पार बसलेला. वाकून हात फिरवला तर खिळा, जुना, गंजलेला. हवा कालपासून हळूहळू जात असणार. काल थोडी गेलेली, रात्रीतून सगळी. मी गाडीच्या पाठीशी उभा, माझ्यापुढं जाळ्या रचलेल्या, मला काय दिसणार? आणि धागा गाडीशीच मोजणार, गाडी जशी झुकली तसा तोही झुकला. फळी सरळच होती. झुकली होती गाडी. ते रस्त्यापलीकडून एका डोळ्यानं गयाला दिसलं होतं.

भाभी दारात आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "चाची नै आयी?"

"ती वारली," मी म्हणालो. "काल, घरी गेल्यावर."

भाभी उंबऱ्यावरच खाली बसली. सलीमभाई माझा दंड धरून म्हणाला, "या अल्ला. चाचा, तो आप यहाँ कायकू आये? घर जाओ. पट्ट्या मैं निकालता."

"पंप हाय का?"

"क्या?"

"हवेचा पंप. पायाचा."

त्यानं आतून आणला. तो मारायला लागला, मी म्हणालो, मला दे. मारत राहिलो. खिळा तसाच ठेवला, काढला असता तर हवा टिकली नसती. गाडी हळूहळू वर आली. सलीमभाईला सांगितलं, आजच्या आज पंक्चर काढून घे. तो नुसता मान हलवत होता.

मग मी रस्ता ओलांडला. तिकडच्या खांबाला टेकून उभा राहिलो, ती उभी राहिली होती तिथं. इतक्या वर्षांत मी तिथून कधी बघितलं नव्हतं. भाभीचं घर दिसत होतं, भिंत, वरच्या तारा, आणि मधी पांढरी गाडी, तिच्यावर ती फळी. मी एक डोळा झाकला.

"चाचा, बराबर?" पलीकडून सलीमभाईनं विचारलं.

"हां," मी म्हणालो. "जमलं."

मग परत रस्ता ओलांडून आलो आणि डावीकडून सुरुवात करून कागदी टेपा काढल्या.